रूबेन ट्रास्कने अडवलेलं कोर्ट

त्या वर्षी कोल्डरिज गावात कोर्टाची सगळ्यात जास्त गरज कुणाला आहे असं विचारलं असतं, तर कुणीही डोळे मिटून रूबेन ट्रास्कचं नाव घेतलं असतं. आणि कोर्ट बसू द्यायचं नाही म्हणून दारात सगळ्यात पुढे उभा राहिला तोही रूबेनच. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेकडच्या त्या डोंगराळ मुलखात हट्टी माणसांची कमतरता कधीच नव्हती, पण स्वतःचंच नुकसान करून घेऊन हट्ट धरणारा असा हाच एक, असं लोक म्हणत. काही कौतुकाने म्हणत, काही कपाळावर हात मारून. त्याची बायको कझाया दुसऱ्या गटात होती.

रूबेनची लाकूडगिरणी होती, स्टोनी ओढ्यावर. पाण्याने चाक फिरायचं, चाकाच्या आसाला जोडलेला दांडा वरखाली व्हायचा आणि दांड्याला बांधलेली उभी करवत ओंडक्यातून घसघस उतरत जायची. प्रत्येक कापाबरोबर ओंडका आपोआप बोटभर पुढे सरकायचा. हे सरकणं रूबेनने स्वतः जमवलेलं होतं, आणि ते बघत तो तासन्‌तास बसू शके. गावातलं सभाघर, अर्धी घरं आणि बहुतेक शवपेट्या त्याच्याच फळ्यांच्या होत्या.

ओढ्यावर त्याच्या वरच्या अंगाला स्क्वायर थर्लोची धान्याची गिरणी होती. थर्लो गावातला मोठा माणूस, म्हणून सगळे त्याला मानाने स्क्वायर म्हणत. शिकलेला, गोड बोलणारा, आणि अडल्यानडल्याला खरोखर धावून जाणारा. गावाने त्याला अनेकदा निवडून बोस्टनला पाठवलं होतं, ते काही उगाच नाही.

एका ओढ्यावर दोन गिरण्या असल्या की बांधाच्या उंचीवरून भांडण ठरलेलंच. म्हणून त्या डोंगरांत एक रीत होती. दोन्ही गिरणीवाले, आजूबाजूचे शेतकरी आणि गावसभेने निवडलेले पंच, सगळे मिळून ओढ्यात उतरायचे. खडकाला भोक पाडायचे, त्यात लोखंडी मेख बसवायचे आणि भोवती वितळलेलं शिसं ओतायचे. वरच्याने पाणी अडवायचं ते मेखेपर्यंत, त्याच्या वर नाही. मेख कुणा एकाची नसे. ती हलवायची वेळ आली, तर पुन्हा सगळ्यांनी गुडघाभर पाण्यात उतरायचं. मग काठावर सफरचंदाच्या सायडरचा घडा फिरायचा, आणि मेख पक्की झाली असं समजायचं.

इंग्लंडच्या राजाशी स्वातंत्र्याचं युद्ध पेटलं, तशी थर्लोने गिरणीशेजारी लोखंडाची भट्टी घातली. सैन्याच्या गाड्यांच्या चाकांवर चढवायला लोखंडी धावा लागत होत्या. भट्टीचा भाता चालवायला पाणी हवं, म्हणून त्याने बाजूने एक चर खणला. पण जुन्या उंचीला पाणी चरापर्यंत चढेना. मग त्याने बांध उंच केला. चरातून गेलेलं पाणी वळसा घालून पुन्हा ओढ्याला मिळायचं, पण मिळायचं ते रूबेनच्या गिरणीच्या खाली. पावसाळी दिवसांत फरक कळायचा नाही. उन्हाळ्यात मात्र रूबेनचं चाक कोरडं ठणठणीत पडलं.

रूबेन वर गेला. खडक बघितला. जुन्या जागी नुसतं भोक होतं, आणि मेख चांगली हातभर वर बसवलेली होती. शिसंसुद्धा व्यवस्थित ओतलेलं.

"स्क्वायर साहेब, मेख हलली," तो म्हणाला.

"हलली नाही, हलवली," थर्लो शांतपणे म्हणाला. "मीच बसवली. युद्ध चालू आहे, रूबेन. धावा मी काय माझ्या घोडागाडीला लावतोय?"

"धावांबद्दल मी बोलत नाही. बसवताना कोण होतं?"

"मी होतो की."

"आणि?"

"आणि काय? मी होतो म्हटलं ना."

रूबेन तसाच मागे फिरला. तो घरी आला आणि कझायाला म्हणाला, "कोर्टात जायला पाहिजे."

"कुठल्या कोर्टात?" कझाया म्हणाली. "तुम्हीच बंद केलंय ना ते?"

हेही खरं होतं. युद्धाच्या आधी राजाने न्यायाधीश आपल्या मुठीत घेतले, तेव्हा जिल्ह्यातल्या शेकडो माणसांनी जाऊन कोर्ट बंद पाडलं होतं. रूबेन त्यात होता. पुढे राजाचा अंमल उठला. बोस्टनमधलं विधिमंडळ कारभार बघू लागलं, त्याने एक कौन्सिल केलं, कौन्सिलने नवे न्यायाधीश नेमले. पण डोंगरातली माणसं ऐकेनात. गावचा लोहार ओबेड नॅश घणाच्या ठोक्याठोक्याला हे समजावून सांगायचा. "राजा गेला, त्याबरोबर राजाची सनद गेली. मग हे कौन्सिल कुणाच्या सनदेवर खुर्च्या वाटतंय? आधी राज्यघटना करा, ती आम्हाला दाखवा, आम्ही हो म्हणू दे. मग न्यायाधीश पाठवा, मी स्वतः त्यांच्या घोड्यांना नाल ठोकून देतो." तोवर गावकरी आपले तंटे शेजाऱ्यांकडून मिटवत. पण थर्लोविरुद्ध निवाडा द्यायला कुठला शेजारी पुढे येणार? ज्याचं पीठ थर्लोच्या गिरणीत दळून येत नाही असं घरच गावात नव्हतं.

पुढच्या वसंतात बोस्टनहून घटनेचा मसुदा आला. विधिमंडळाने स्वतःच तो लिहिला होता. गावसभा भरली. चर्चचे डीकन हॉइट अध्यक्षस्थानी होते. मसुदा वाचून झाला, आणि थर्लोने तो फार चांगला समजावून सांगितला. ज्यांनी लिहिला ते तुम्हीच निवडून दिलेले लोक आहेत, आता आणखी काय हवं, असं त्याने विचारलं.

रूबेन उठला. तो सभेत कधी बोलत नसे. हातात टोपी होती, ती त्याने दोनदा खाली पाडली.

"मसुदा चांगला असेल," तो म्हणाला. "मी म्हणतो, फारच चांगला असेल. पण ठोकली कुणी?"

"काय ठोकली?" डीकनांनी विचारलं.

"मेख."

सभाघर हसण्याने दणाणलं. "रूबेन, तुझी गिरणी घरी ठेवून ये रे बाबा," डीकन म्हणाले. "इथे राज्याचं चाललंय."

"राज्याचंच बोलतोय. विधिमंडळ म्हणजे गिरणी. गिरणी पाहिजेच. तिला पाणी लागणार, आणि उद्या आजच्यापेक्षा जास्त लागणार. त्यात तिचा दोष नाही, ती गिरणीच आहे. म्हणूनच किती पाणी घ्यायचं ते गिरणीवाल्याने एकट्याने ठरवायचं नसतं. ज्यांनी आज स्वतः ठोकली, ते उद्या स्वतःच उपटतील. आणि वर म्हणतील, युद्ध चालू आहे."

"रूबेनला राज्यातसुद्धा आपला ओढाच दिसतो," थर्लो हसत म्हणाला, आणि लोक पहिल्यापेक्षा जास्त हसले. रूबेनचे कान लाल झाले. तो खाली बसला.

मग ओबेड उठला. "ओढा राहू दे. यात हक्कांची सनद कुठे आहे ते मला दाखवा. माझ्या घरात शिपाई शिरणार नाही, मला न विचारता माझ्यावर कर बसणार नाही, हे कुठे लिहिलंय? मला वाचता येतं, स्क्वायर साहेब, मी दोनदा वाचलं."

मतदान झालं. विरोधात असणाऱ्यांनी सभाघराच्या डाव्या बाजूला जायचं होतं. डावीकडचे बाक करकरले, आणि उजवीकडे थर्लो, डीकन आणि दोन-चार माणसंच उरली. रूबेनच्या भाषणाने गाव फिरलं असं पुढे लोक सांगत. खरं म्हणजे बहुतेक जण घरूनच ठरवून आले होते. राज्यभर गावागावांनी तो मसुदा फेटाळला. लोकांनी वेगळी माणसं निवडावीत, त्यांनी फक्त घटना लिहावी आणि घरी जावं, राज्य करू नये, असं अनेक गावांनी कळवलं. ही गोष्ट तेव्हा जगात फारशी कुणी केलेली नव्हती. ओढ्यात उतरून मेख ठोकणाऱ्या कोल्डरिजमध्ये मात्र ती कुणाला नवी वाटली नाही.

पण घटना नाही म्हणजे कोर्ट नाही, आणि कोर्ट नाही म्हणजे पाणी नाही.

रूबेनने गिरणीमागे माणूसभर खोल खड्डा खणला. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा, एकाने वर उभं राहून लांब करवत खेचायची, दुसऱ्याने खड्ड्यात उभं राहून खाली ओढायची. त्याच्या आज्यापणज्यांचं तंत्र. वर रूबेन, खाली कझाया. ती डोक्याला पुरुषी टोपी घालायची, तोंडाला फडकं बांधायची, तरी सगळा भुसा डोळ्यांत यायचा. गिरणी एका सकाळी जेवढं कापायची, तेवढं कापायला दोघांना आठवडा लागे.

"राजाला हाकलून काय मिळालं?" ती खड्ड्यातून ओरडायची.

"काय म्हणालीस?"

"भुसा! भुसा मिळाला म्हणते!"

पुढच्या वर्षी, झाडांना नुकती पालवी फुटत असताना, थर्लो खड्ड्यापाशी आला. एकटाच, पायी. त्याने टोपी काढून कझायाला नमस्कार केला. ती खड्ड्यात असल्यामुळे त्याला वाकावं लागलं.

"पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या गावी कोर्ट बसतंय," तो म्हणाला. "कौन्सिलने पक्कं ठरवलंय. न्यायाधीशांमध्ये मीही आहे."

"अभिनंदन," रूबेन म्हणाला.

"लोक अडवायला येणार, ते मला कळलंय. रूबेन, कोल्डरिजची माणसं तुझ्याकडे बघतात. कोर्टाची गरज असलेला माणूसच नको म्हणतोय, म्हणून बाकीचे नको म्हणतात. तू घरी थांब. एवढंच. पहिला दावा तुझाच घेऊ. मी उभा राहून सांगेन की माझं काही म्हणणं नाही. बांध उतरवतो, चर बुजवतो. उन्हाळ्याच्या आत तुझं चाक फिरेल."

कझायाने करवत सोडली आणि शिडीवरून वर आली.

रूबेनने करवतीच्या दात्यांवरून अंगठा फिरवला. "म्हणजे दावा तुमच्यावर," तो म्हणाला, "आणि न्यायाधीश तुम्ही."

"माझ्यावरचा दावा निघाला की मी खुर्चीवरून उठेन. मी काही चोर नाही, रूबेन."

"नाही, तुम्ही उठाल. मला माहीत आहे. पण उठायचं की नाही तेही तुम्हीच ठरवणार. तेवढंच मला बरोबर वाटत नाही."

"स्वातंत्र्यावर चाक फिरत नाही," थर्लो म्हणाला. रागाने नाही, जरा दुःखानेच. "पाण्यावर फिरतं. विचार कर." आणि टोपी घालून निघून गेला.

कझायाने तोंडावरचं फडकं सोडलं. "अहो, पाणी देतायत ते!"

"देतायत."

"मग घ्या की! काय बिघडणार आहे?"

"काही नाही बिघडणार. ते पाणी स्क्वायरचं असेल, एवढंच."

"चाकाला कळतं होय, कुणाचं आहे ते?"

"चाकाला नाही कळत."

"मग कुणाला कळतं? माझ्या डोळ्यांना कळतं का? हे बघा, बघा इकडे!" तिचे डोळे खरोखरच सुजून लाल झाले होते. "तुमच्या त्या घटनेला मी काय नको म्हणते? येऊ दे की ती सावकाश. आली की हे कोर्ट बंद करा आणि तिचं नवं उघडा. तोवर चाक तरी फिरेल."

"एकदा हे बसलं की कुणाला घाई राहणार नाही, कझाया. दावे मिटतील, लोक घरी जातील. आणि बोस्टनचे म्हणतील, चाललंय ना नीट? मग घटना कशाला? आपल्याकडे अडवायला एवढं एकच दार आहे. तेही मी पाण्यासाठी सोडलं, तर उद्या ओबेड कशासाठी तरी सोडेल. प्रत्येकाचं काहीतरी अडलेलंच असतं."

कझायाने त्याच्याकडे नीट बघितलं. मग टोपी काढून त्याच्या डोक्यावर बसवली, फडकं त्याच्या हातात कोंबलं. "ठीक आहे. मग आजपासून खाली तुम्ही."

"काय?"

"खाली उतरा. तत्त्व तुमचं ना? भुसापण तुमचा. मी वर."

रूबेन शिडीवरून खाली उतरला. त्या दिवसापासून त्या घरात वर कझाया आणि खाली रूबेन हीच रीत पडली, आणि जाणारा-येणारा उभा राहून बघू लागला तर कझाया त्याला मुद्दाम थांबवून कारण सांगायची.

कोर्टाच्या दिवशी जिल्ह्याच्या गावात माणसांची रीघ लागली. काठ्या होत्या, बंदूक कुणाकडे नव्हती, तसं आधीच ठरलं होतं. कोर्टाच्या पायऱ्या भरून गेल्या. ओबेडने रूबेनला धक्के देत सगळ्यांच्या पुढे नेऊन उभं केलं. "तुझे डोळे बघूनच न्यायाधीश परत जातील," तो म्हणाला. रूबेनचे डोळे आता टोमॅटोपेक्षा लाल होते.

न्यायाधीश घोड्यांवरून आले. मुख्य न्यायाधीश म्हातारे होते, थकलेले. शेजारी थर्लो. म्हाताऱ्याने खाली उतरून विचारलं, "तुमच्यातर्फे कोण बोलणार?"

सगळे रूबेनकडे बघू लागले.

"नाव?"

"रूबेन ट्रास्क, कोल्डरिज."

म्हाताऱ्याने भुवया उंचावल्या. "ट्रास्क? आज पहिला दावा तुमचाच आहे."

"हो, साहेब."

"मग बाजूला व्हा. मी आत गेल्याशिवाय तो ऐकणार कसा?"

गर्दी हसली. रूबेनही हसला, पण जागचा हलला नाही. "साहेब, तुम्हाला कुणी नेमलं?"

"कौन्सिलने."

"कौन्सिलला कुणी?"

"विधिमंडळाने. आणि विधिमंडळ तुम्ही निवडलंत. इथे उभे आहेत त्यातल्या पुष्कळांनी."

"निवडलं, खरंय. काम करायला निवडलं. पण ते काम कुठे थांबतं, ते अजून कुणी ठरवलेलं नाही. ते आम्ही ठरवणार. ते ठरलं की या. मी स्वतः दार उघडून धरतो."

"आणि तोवर तुमचं नुकसान?"

"होतंय."

थर्लो पुढे झाला. तो हळू आवाजात बोलला, पण पायऱ्यांवर इतकी शांतता होती की मागच्या माणसांनाही ऐकू गेलं. "रूबेन, माझा शब्द अजून कायम आहे. बाजूला हो. संध्याकाळी मी स्वतः बांधावर माणसं लावतो."

रूबेनने ओठ पुसले. त्याला गिरणीतला तो घसघस आवाज ऐकू आला, ओंडका बोटभर पुढे सरकताना दिसला.

"पाणी मला पाहिजे, स्क्वायर साहेब," तो म्हणाला. "फार पाहिजे. पण हक्काने पाहिजे. मर्जीने नको."

म्हाताऱ्या न्यायाधीशांनी पायऱ्यांवरून नजर फिरवली. कुणी काठी उगारली नाही, कुणी शिवी दिली नाही, कुणी हललंही नाही. शेवटी ते म्हणाले, "निदान जेवू तरी द्याल?" गर्दीने लगेच दोन्ही बाजूंना सरकून खाणावळीकडे वाट करून दिली. न्यायाधीश जेवले, आणि कोर्ट न भरवता परत गेले.

तो उन्हाळा कोरडा गेला. त्याच वर्षी राज्यभरातून वेगळी माणसं निवडली गेली, फक्त घटना लिहिण्यासाठी. पुढच्या वसंतात तिचा मसुदा गावी आला, हक्कांची सनद सगळ्यांत आधी. या वेळी जमीन असलेला-नसलेला, प्रत्येक सज्ञान पुरुष मत द्यायला आला. कलम वाचायचं, वाद घालायचा, मत घ्यायचं, पुढचं कलम. कझाया आणि इतर बायका मागच्या सज्जात बसल्या होत्या. त्यांना मत नव्हतं. मत फक्त पुरुषांना, या कलमावर तिने वरून मोठ्याने "हं!" केलं, तेव्हा डीकनांनी घसा खाकरला. रूबेनने मालमत्तेच्या कलमाला विरोध केला. पुढच्या निवडणुकांत ठराविक मालमत्ता असेल त्यालाच मत, असं त्यात होतं. "आज घटनेवर मत द्यायला हा माणूस चालतो," लोहाराच्या हाताखालच्या कामगाराकडे बोट दाखवून तो म्हणाला, "आणि उद्या आमदार निवडायला चालत नाही?" गावाने त्याचा आक्षेप मान्य करून बोस्टनला कळवला. बोस्टनने तो ऐकला नाही. बाकी घटना मंजूर झाली. नव्या घटनेखालच्या पहिल्याच निवडणुकीत कोल्डरिजने स्क्वायर थर्लोला विधिमंडळात पाठवलं. रूबेनने विरोधात मत दिलं आणि हरला.

मग कोर्ट उघडलं. रूबेनने दार धरलं की नाही कुणाला आठवत नाही, पण पहिल्या दिवशी तो आत होता, आणि मागच्या बाकावर कझाया. ज्यूरीतली माणसं दुसऱ्या गावांची होती, थर्लोच्या गिरणीत ज्यांचं दळण जात नव्हतं अशी. थर्लोच्या वकिलाने एकच गोष्ट चांगली मांडली. दावेदाराने कोर्ट स्वतः अडवलं, तेव्हा मधल्या वर्षांचं नुकसान ज्याचं त्याने सोसावं. ज्यूरीला ते पटलं. बांध जुन्या उंचीला आणावा आणि चर बुजवावा, पण कोरड्या गेलेल्या वर्षांबद्दल रूबेनला काहीही मिळणार नाही, असा निकाल झाला.

बाहेर पायऱ्यांवर थर्लो त्याच्यासाठी थांबला होता.

"हेच मी तुला तेव्हाच देत होतो," तो म्हणाला. "याच जागेवर. एवढी वर्षं तू खड्ड्यात का काढलीस, ते मला अजून कळलेलं नाही."

"देत होतात, स्क्वायर साहेब," रूबेन म्हणाला. "म्हणूनच घेतलं नाही."

"आणि आज?"

"आज तुम्ही देत नाही आहात. तुम्ही आमदार आहात, गावातले मोठे आहात, आणि तरी तुम्हाला बांध उतरवावा लागतोय. मला ते बघायचं होतं."

थर्लोने खांदे उडवले. पण तो हसला, आणि हात पुढे केला. रूबेनने तो घेतला.

कझाया मधेच शिरली. "उद्याच उतरवणार ना? मी सकाळीच येते बघायला. आणि हो, स्क्वायर साहेब," ती म्हणाली, "बसायला एक बरीशी खुर्ची ठेवा. पहिला दगड निघाल्यापासून शेवटचा निघेपर्यंत मी हलणार नाही."